‘सोबत राहतात’ म्हणजे काय? पाळीव बेडकांच्या सल्ल्याची उलटतपासणी

पेटची तयारी करणारे तुमच्यापैकी बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "ताई, पेपर वाचायचा म्हणजे त्यात नेमकं काय बघायचं?" आजवर मी उत्तरादाखल मोठमोठे पेपर घेतले आणि निम्मे वाचक मध्येच गळाले. म्हणून या वेळी पेपर नाही. एक साधा, एका पानाचा तक्ता घेते. काचेच्या टाकीत पाण्यातले बेडूक कसे पाळावेत, त्यांच्यासोबत कोणते मासे चालतात, पाणी किती, तापमान किती, असं सांगणारा. असे शेकडो तक्ते फिरत असतात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांत तेच लिहिलेलं असतं.

हा तक्ता माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगते, कारण मला तो वाचून त्याच संध्याकाळी एक निर्णय द्यायचा होता.

आमचं घर बाळापूरचं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधोमध किल्ला असलेलं हे गाव. दिवाळीनंतर दादाने माझ्या भाच्यासाठी दोन फुटी टाकी आणली. सहावीतलं पोरगं, फार हौशी. टाकीत सहा गप्पी मासे आणि दोन ‘ड्वॉर्फ फ्रॉग’. एक पांढरा, लाल डोळ्यांचा, दुसरा मातकट. दोघंही अंगठ्याच्या पेराएवढे. विकणाऱ्याने सांगितलं की एवढेच राहतात आणि माशांना काही करत नाहीत. सोबत तो तक्ताही दिला. तक्त्यात लिहिलं होतं : शांत स्वभाव, गप्पी आणि टेट्राशी कम्पॅटिबल, तापमान २४ ते २७ अंश, एका बेडकाला पाच-दहा लिटर पाणी पुरे.

मार्चअखेर मी घरी गेले तेव्हा भाच्याचा पहिला प्रश्न होता, "आत्या, आपल्या गप्प्या कुठी गेल्या?" टाकीत गप्पी शून्य. पांढरा बेडूक माझ्या अर्ध्या तळहाताएवढा झालेला. दादा वैतागलेला. "नदीत सोडून देतो ह्याले. सरकारच गप्पी सोडते विहिरीत, मग हा बेडूक सोडला तं काय बिघडते?"

दादाचा हा युक्तिवाद लक्षात ठेवा. तो दिसतो तेवढा कच्चा नाही. शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

प्राणी कोणता?

कुठलाही पेपर हातात घेतला की निष्कर्षाकडे धावायच्या आधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग उघडा. अभ्यास नेमका कशावर झाला? तक्त्याची पहिली गफलत इथेच आहे.

दुकानात ‘आफ्रिकन फ्रॉग’ म्हणून मिळणारे प्राणी प्रामुख्याने दोन वेगवेगळ्या प्रजातींचे असतात. एक हायमेनोकायरस, म्हणजे खरा ड्वॉर्फ. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा प्राणी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. दुसरा झेनोपस लेव्हिस, दक्षिण आफ्रिकेकडचा. त्याची मादी दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षंही जगते. दोघं एकाच कुळातले, पायपिडी कुळातले. दोघांना जीभ नसते, दोघं आयुष्यभर पाण्यात राहतात आणि श्वासासाठी वर येतात. दोघांच्याही मागच्या पायाला काळी नखं असतात. म्हणजे ‘नखं आहेत’ ही खूण इथे बिनकामाची. पिल्लं असताना तर ते सहज एकमेकांच्या नावावर खपतात.

फरक बघायचा पुढच्या पायात. हायमेनोकायरसच्या पुढच्या बोटांमध्येही पडदा असतो. झेनोपसची पुढची बोटं सुटी असतात आणि त्या बोटांनी तो अन्न तोंडात कोंबतो. झेनोपसचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, हायमेनोकायरसचे बाजूंना. आणि पांढरा, लाल डोळ्यांचा बेडूक बाजारात दिसला तर तो जवळजवळ नक्कीच झेनोपस, कारण त्याची अल्बिनो जात पिढ्यान्‌पिढ्या वाढवली गेली आहे.

आमच्या दोन्ही बेडकांची पुढची बोटं सुटी होती. म्हणजे तक्ता एका प्राण्याचा आणि टाकीत दुसराच. हायमेनोकायरसपुरता तो तक्ता कदाचित बराच बरोबर असेल. आमच्या टाकीसाठी त्याचा उपयोग नव्हता. तुमच्या संशोधनातही हे होईल. नमुन्याची ओळख चुकली की पुढची सगळी आकडेमोड अचूक असूनही वाया जाते.

‘कम्पॅटिबल’ कुणासाठी, किती दिवस?

आता समजा प्राणी खरोखर ड्वॉर्फच आहे. तरी ‘गप्पीशी कम्पॅटिबल’ या वाक्याचा अर्थ काय? संशोधनाच्या भाषेत विचारायचं तर त्याची कार्यात्मक व्याख्या काय? कोणती गोष्ट मोजली म्हणजे दोन प्राणी सोबत राहू शकतात असं म्हणायचं?

बहुतेक तक्त्यांची न सांगितलेली व्याख्या अशी असते : कुणी कुणाला खाल्लं नाही म्हणजे जमलं. ही व्याख्या फार तोकडी आहे. ड्वॉर्फ बेडूक मंद असतो. अन्न शोधायला त्याला वेळ लागतो. गप्पी आणि टेट्रा मात्र दाणा पाण्यात पडल्या पडल्या झडप घालतात. कुणी कुणाला चावत नाही, टाकी शांत दिसते आणि दोन-तीन महिन्यांत बेडूक उपाशी राहून खंगतो. मालक म्हणतो, "अचानक मेला." त्यात अचानक काहीच नसतं. त्याचं वजन कुणी पाहिलं नव्हतं, इतकंच.

झेनोपसची गोष्ट उलटी. त्याच्या अंगावर टाक्यांसारख्या बारीक रेषा दिसतात. ती त्याची पार्श्वरेषा, पाण्यातली हालचाल टिपणारी संवेदी यंत्रणा. अंधारातही मासा हलला की त्याला कळतं. तोंडात मावेल ते खाणं हा त्याचा साधा नियम आहे आणि तो स्वतःच्या जातीचे टॅडपोलही सोडत नाही. म्हणून त्याच्यासोबत चालेल असा सोबती एकच : साधारण त्याच्याच आकाराचा दुसरा झेनोपस. मासे नकोत, ड्वॉर्फ बेडूक तर अजिबात नको.

‘सोबत राहतात का’ हा प्रश्न नीट कसा विचारायचा, याचं चांगलं उदाहरण आपल्याच देशात आहे. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे शेताच्या डबक्यात पिवळेधमक होऊन ओरडणारे मोठे बेडूक तुम्ही पाहिले असतील. तो भारतीय बुलफ्रॉग, होप्लोबॅट्राकस टायगरिनस. आपल्याकडे तो मूळचा, पण अंदमानात माणसाने नेऊन पोचवलेला परका. नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी यांनी तिथे प्रयोग केला. पाण्याच्या बंदिस्त टाक्यांत अंदमानच्या स्थानिक बेडकांचे टॅडपोल ठेवले, काही टाक्यांत त्यांच्याबरोबर बुलफ्रॉगचे टॅडपोल सोडले आणि किती जगतात ते मोजलं. २०१९ मध्ये आलेल्या त्या पेपरच्या शीर्षकातच उत्तर आहे : बुलफ्रॉगच्या सोबतीत स्थानिक टॅडपोल एकही जगले नाहीत.

तक्ता आणि हा पेपर शेजारी ठेवून बघा. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. पेपरमध्ये प्रजाती सांगितलेली आहे, कोणती अवस्था ते सांगितलंय, तुलनेसाठी बुलफ्रॉग नसलेल्या टाक्या आहेत आणि ‘जगले की नाही’ हे मोजमाप आधीच ठरलेलं आहे. तक्त्यात नुसतं ‘शांत स्वभाव’. शांतपणा कुणी मोजला?

आकडा कुठून आला?

आता संख्यांकडे. ‘एका बेडकाला इतके लिटर’ हा आकडा कुठेही वाचला की मला त्याचा जन्मदाखला मागावासा वाटतो.

झेनोपसबद्दलचे खूपसे आकडे प्रयोगशाळांतून आलेले आहेत, आणि तो तिथे का पोचला ते ऐकण्यासारखं आहे. १९३० च्या सुमारास केप टाऊनमध्ये लॅन्सलॉट हॉग्बेन यांना दिसलं की बैलाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला की झेनोपसची मादी अंडी घालते. त्यातून गर्भधारणेची चाचणी निघाली. बाईच्या लघवीचा अर्क मादीला टोचायचा, काही तासांत अंडी दिसली तर बाई गरोदर. १९६० च्या दशकापर्यंत जगभरच्या दवाखान्यांत ही चाचणी वापरात होती आणि त्यासाठी हजारो बेडूक दक्षिण आफ्रिकेतून जहाजांनी बाहेर गेले. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेले केंद्रक प्रत्यारोपणाचे प्रयोगही याच बेडकावर झाले. त्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत एका मोठ्या झेनोपसला दोन-तीन लिटर पाणी पुरतं असं तुम्ही वाचाल. खोटं नाही ते. पण तिथे पाणी सतत फिरतं, गाळलं जातं, बदललं जातं, रोज तपासलं जातं. ते दोन-तीन लिटर म्हणजे एका मोठ्या यंत्रणेचा छोटासा तुकडा. तोच आकडा उचलून घरच्या साठलेल्या पाण्याला लावला की अमोनियाचा सापळा तयार होतो. घरी एका झेनोपसमागे निदान ३०-४० लिटर धरा, वर जाळीचं घट्ट झाकण ठेवा. हा प्राणी उडी मारून बाहेर पडतो आणि कोरडा पडून मरतो.

तापमानाचंही तेच. प्रयोगशाळांत झेनोपस लेव्हिस साधारण १६ ते २२ अंशांत ठेवतात. पंचविशीच्या पुढे बराच काळ राहिलं की त्याच्यावर ताण येतो. आता अकोला जिल्ह्यातला मे महिना आठवा. बाहेर ४४-४५, घरात कूलर लावूनही पस्तिशी. काचेची टाकी सावलीत असली तरी तिचं पाणी तिशीच्या वर जातं. म्हणजे ‘गप्पीशी जमतं का’ याआधी ‘वऱ्हाडशी जमतं का’ हा प्रश्न यायला हवा होता. थंड हवेतल्या माणसाने लिहिलेल्या तक्त्यात हीटरचा सल्ला असतो. आपल्याला हवा होता बरोबर त्याच्या उलट.

पाण्याची गोष्ट तर फक्त आपल्यासारख्यांनाच कळेल. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बाळापूर तालुक्यातही आहे. बोअरच्या पाण्यात चहा नासतो, डाळ शिजत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ‘नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाईल’ हा सल्ला क्लोरीनपुरता बरोबर आहे. (पाण्यात क्लोरामाइन असेल तर तोही चालत नाही, मग हायपो लागतो.) पण उघडं ठेवल्याने क्षार उडत नाहीत. उलट उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात आणि आपण वरून तेच खारं पाणी भरत राहतो. बेडकाची त्वचा पाणी आणि क्षार यांची देवाणघेवाण करते. माशाला खवल्यांचं चिलखत तरी असतं, बेडूक तसा उघडाच. दादाच्या टाकीत मी टीडीएस मीटर बुडवला तेव्हा टाकीतला आकडा नळाच्या आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त निघाला.

संशोधनात याला बाह्य वैधता म्हणतात. निष्कर्ष जिथे निघाला तिथून दुसरीकडे नेताना तो टिकतो का? पेटच्या पेपरमध्ये व्याख्या पाठ करून गुण मिळतील. पण खारपाणपट्ट्यातल्या टाकीत ती एकदा दिसली की विसरणार नाही.

निरोगी कोण?

‘बेडूक निरोगी ठेवायचा’ म्हटलं की तक्ते फिल्टर आणि ‘टाकी मुरवणे’ सांगतात. हे योग्यच आहे. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ही वसाहत तयार व्हायला काही आठवडे जातात. पण जुनी पुस्तकं दुसऱ्या टप्प्यासाठी ठामपणे नायट्रोबॅक्टरचं नाव घेत. १९९८ मध्ये होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतले जिवाणू जनुकीय पद्धतीने तपासले, तर तिथे नायट्राइट खाणारा निघाला नायट्रोस्पायरा. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा पूर्ण प्रवास एकटाच करणारे नायट्रोस्पायराही सापडले. त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच आला. पुस्तकातला सल्ला कामाचा होता, त्याचं कारण चुकीचं होतं. हे दोन वेगळे मुद्दे आहेत. परीक्षण लिहिताना ते वेगळेच ठेवा.

दुसरं, निरोगी म्हणजे फक्त बेडूक का? २००८ ते २०११ या काळात अमेरिकेत साल्मोनेलाची एक साथ आली. तिचा माग काढत आरोग्य खातं पोचलं ते पाळीव ड्वॉर्फ बेडकांपर्यंत. साडेतीनशेहून अधिक रुग्ण, बहुतेक दहा वर्षांखालची मुलं. बेडकाला हात लावायचीही गरज नव्हती. टाकीचं पाणी, जाळी, ती धुतलेली मोरी एवढं पुरे होतं. बेडूक स्वतः ठणठणीत. मी भाच्याला विचारलं, टाकीचा फिल्टर कुठे धुतोस? "सैपाकघरातल्या मोरीत." त्या दिवशीपासून फिल्टर अंगणात जातो आणि हात साबणाने धुतले जातात.

मग नदीचं काय?

आता दादाचा प्रश्न. सरकार गप्पी सोडतं, मग बेडूक का नको?

आधी त्याला द्यायचं ते श्रेय देते. गप्पीही परकाच, दक्षिण अमेरिकेकडचा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो जगभर सोडला गेला आणि त्याने डास खरंच किती कमी होतात, स्थानिक जिवांचं काय होतं, यावर संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. म्हणजे दादाने विसंगती बरोबर पकडली होती. पण एक चूक होते आहे म्हणून दुसरी करायला परवानगी मिळत नाही, आणि बेडकाच्या बाबतीत एक जादा धोका आहे. तो डोळ्यांना दिसत नाही.

बॅट्राकोकिट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस ही बुरशी, सोयीसाठी ‘बीडी’ म्हणू. १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, बेडकाच्या त्वचेत घर करतात, क्षारांचं संतुलन बिघडवतात आणि शेवटी हृदय थांबतं. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत तिने प्रजातीच्या प्रजाती संपवल्या. झेनोपस मात्र ती अंगावर बाळगूनही सहसा आजारी दिसत नाही.

इथे तुमच्यासाठी एक सुंदर वाद आहे. २००४ मध्ये शे वेल्डन आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतले झेनोपसचे ६९७ जुने नमुने तपासले. सर्वांत जुना बाधित नमुना १९३८ चा निघाला. आफ्रिकेबाहेरचा तेव्हा माहीत असलेला सर्वांत जुना १९६१ चा. त्यावरून मांडणी झाली की बुरशीचा उगम आफ्रिका, आणि गर्भचाचणीसाठी निघालेल्या झेनोपसबरोबर ती जगभर पसरली. गोष्ट इतकी नेटकी बसत होती की पाठ्यपुस्तकांत, बातम्यांत ती सत्य म्हणून फिरू लागली.

पण ‘आत्तापर्यंत सापडलेला सर्वांत जुना’ आणि ‘सर्वांत जुना’ यांत फरक असतो. जिथे शोधलं तिथे सापडलं. पुढे इतर ठिकाणची कपाटं उघडली तेव्हा ब्राझीलमध्ये १८९४ चा, अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये १८८८ चा बाधित नमुना निघाला. मग २०१८ मध्ये ओहॅनलन आणि मोठ्या चमूने जगभरच्या बुरशीचे जनुकसंच तुलनेला घेतले आणि उगम पूर्व आशियाकडे, कोरियाच्या बाजूला दाखवला. त्याच पेपरमध्ये दोन गोष्टी आणखी आहेत : व्यापारातल्या उभयचरांवर ही बुरशी सापडते, आणि तिचे वेगवेगळे वंश एकत्र आले की त्यांचा संकरही होतो.

वेल्डन चुकले म्हणून त्यांचा पेपर टाकाऊ झाला का? मुळीच नाही. तपासता येईल अशा स्वरूपात त्यांनी विधान केलं, म्हणून ते तपासता आलं. टाकीच्या तक्त्याला हा मान कधीच मिळणार नाही, कारण तो चुकूच शकत नाही. मासे खाल्ले तर ‘तुमचा बेडूक भुकेला होता’, नाही खाल्ले तर ‘सांगितलं होतं ना’.

आपल्याकडे काय? भारतात २०११ पासून बीडीच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर, संजय मोलूर आणि सहकाऱ्यांनी उत्तर पश्चिम घाटातल्या, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या बाजूच्या, बेडकांत आशियाई वंशाची बीडी असल्याचं दाखवलं. तरी परदेशांसारखी सामूहिक मर इथे नोंदली गेलेली नाही. यावर कुणी म्हणेल, बुरशी आधीच आहे तर आणखी एका बेडकाने काय होणार? होऊ शकतं ते असं : व्यापारातून आलेला दुसरा वंश इथल्या वंशाला भेटू शकतो.

मला स्वतःला पटलेला विरुद्ध युक्तिवाद उन्हाचा होता. बीडी १७ ते २५ अंशांत चांगली वाढते, २८ च्या पुढे तिची वाढ थांबते. मग वऱ्हाडच्या उन्हात ती टिकेल कशी? मे महिन्यापुरतं हे बरोबर. पण नदीला मेच नसतो. श्रावणातल्या आणि पौषातल्या पाण्याचं तापमान धरा, बुरशीला हवं तेच मिळतं. आणि बेडूक उन्हाळ्यात मरेलच असंही गृहीत धरता येत नाही. मूळ देशात डबकी आटली की झेनोपस चिखलात गाडून घेतो, पावसात जमिनीवरून चालत दुसरं पाणी गाठतो. चिली, फ्रान्स, पोर्तुगाल, सिसिली, कॅलिफोर्निया इथे सुटलेल्या झेनोपसने वसाहती केल्या आहेत. मनचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णेचं तापीत.

माझा निर्णय म्हणून असा होता. आमच्या बेडकांवर बुरशी होती असं मी म्हणत नाही. तपासणी केली नव्हती. मी इतकंच म्हणाले की नाही असं समजून वागण्याची किंमत चुकलो तर परत घेता येत नाही, आणि आहे असं समजून वागण्याची किंमत म्हणजे एक प्लॅस्टिकचा टब. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टब वाड्यात ठेवजो, घरात नको."

तक्त्याच्या बाजूने

परीक्षण म्हणजे झोडपणं नव्हे. हौशी पाळणाऱ्यांना बऱ्याच गोष्टी नीट दिसलेल्या असतात. ड्वॉर्फ बेडकाला माशांपासून वेगळं, चिमट्याने भरवावं. बोटभर खोल खडीत अन्न अडकून सडतं. झेनोपसला रोज खायला घातलं तर तो फुगतो, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. हे सगळं वर्षानुवर्षं टाकीसमोर बसलेल्या माणसांचं निरीक्षण आहे. त्याला कमी लेखू नका. अडचण एवढीच, की ज्यांचे बेडूक जगले ते सल्ला लिहितात. ज्यांचे मेले ते टाकी माळ्यावर टाकून गप्प बसतात. आपल्यापर्यंत पोचतो तो वाचलेल्यांचा अनुभव.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगते. टब वाड्यात गेला. पाण्यावर छोटा पंखा लावला. आपली हवा कोरडी असल्याने माठासारखंच पाणी थोडं उतरतं, दोन-तीन अंश तरी. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं, आणि बदलीसाठी दोन्हींचं मिश्रण. काढलेलं पाणी नालीत न टाकता दूर कोरड्या मातीवर, उन्हात. तरी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मातकट बेडूक मेला. भाचा म्हणाला, ऊन लागलं. शक्य आहे. पण एका बेडकावरून ते सिद्ध होत नाही, आणि चार महिने खाऱ्या पाण्यात राहिल्याचा परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही, हे मी त्याला समजावलं. त्याने वही काढली. आता रोज सकाळी तारीख, पाण्याचं तापमान, टीडीएस, बेडूक जेवला की नाही, असे चार रकाने भरतो. पांढरा बेडूक आहे अजून, एकटा.

तुमच्यासाठी गृहपाठ. घरातला कुठलाही तक्ता घ्या : कोंबड्यांचा, फवारणीचा, व्यायामाचा. त्याच्या शेजारी पाच प्रश्न लिहा. हे नेमकं कशावर पाहिलं? कुठे? तुलना कशाशी? काय मोजलं आणि किती दिवस? काय घडलं असतं तर हे विधान चुकीचं ठरलं असतं? ज्या प्रश्नापुढे जागा कोरी राहील तिथे खूण करा. पेटच्या मुलाखतीत ‘संशोधनातली पोकळी’ विचारतात ना, ती शोधायला सुरुवात अशाच कोऱ्या जागेपासून करा.